सावधान, ही बाई चित्रं काढते

नोकरीची सगळी वर्षं मी दुसऱ्यांच्या रेघांवरून रेघा ओढल्या. पाटबंधारे खात्यात अनुरेखक होते. इंजिनियर पेन्सिलीनं कालव्याचा नाहीतर बंधाऱ्याचा नकाशा काढायचे, त्यावर मी ट्रेसिंग पेपर अंथरायची आणि काळ्या शाईनं तो जसाच्या तसा उतरवून घ्यायची. रेघ जाड झाली की ब्लेडनं हलकेच खरवडायची. पुढे कॉम्प्युटर आले आणि माझ्याकडे टपालाचं टेबल आलं. निवृत्तीच्या समारंभात साहेब म्हणाले, "यांच्या हातात कला आहे." मला हसूच आलं. मी आयुष्यात स्वतःहून एक आंबासुद्धा काढला नव्हता.

पहिलं चित्र काढलं ते कुकरचं. डाळ लावली होती, शिट्टी व्हायची होती, समोर एका लग्नपत्रिकेचं रिकामं पाकीट पडलं होतं. शिट्टी होईपर्यंत कुकर काढू, म्हणून बॉलपेन उचललं आणि वर न बघता काढला. ओळखीचाच कुकर, बघायचं काय त्यात. काढून झाल्यावर समोर धरला आणि धक्काच बसला. दांडा चुकीच्या बाजूला, झाकणावरची शिट्टी मधोमध. आमच्या कुकरची शिट्टी मधोमध नाहीच. मुलगा रांगत होता तेव्हापासून ज्याला मी रोज दोनदा हात लावत होते, तो कुकर मला ठाऊक नव्हता.

दुसऱ्या दिवशी पर्समध्ये मावेल अशी जाड कागदाची एक वही घेऊन आले. "आता हे काय नवीन?" ह्यांनी विचारलं. हे भूगोलाचे शिक्षक, तेही निवृत्त. मी म्हटलं, "काही नाही, वेळ जातो."

खरोखर वेळ जायचा. नियम काही नव्हता. मेथीची जुडी, गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या, ह्यांच्या झिजलेल्या चपला, शेजारच्या बाल्कनीत वाळणारी चादर, जे समोर असेल ते. रंग विकत घ्यायचं मनातच आलं नाही, कारण घरात इतके होते. कॉफीच्या पाण्यानं भिंती छान होतात. चपलांना बुटाचं पॉलिश. केसांना काजळ. हळदीचा पिवळा उन्हात उडून जातो, पण त्याला चुन्याचं बोट लागलं की लालभडक होतो. काळ्या द्राक्षांचा रस संध्याकाळी जांभळा दिसला आणि सकाळी बघते तर राखाडी. हे सगळं मी एका छोट्या स्टीलच्या डब्यात घेऊन फिरायला लागले. आत चार वाट्या, वर घट्ट झाकण.

घरातल्या वस्तू संपल्या म्हणून नाही, पण चित्र काढता काढता बाहेरचंही दिसायला लागलं म्हणून मी बाहेर पडले. नाशिकला गंगापूर रोडवरून आत वळलं की आमच्या भागात एक प्राथमिक शाळा आहे. तिच्या समोर कडुनिंबाखाली सिमेंटचा कट्टा आहे. शाळा सुटायच्या आधी तिथे रिक्षा लागतात, आया येऊन थांबतात. मग मुलं सुटतात आणि सगळीकडे दप्तरं, पाण्याच्या बाटल्या, एका खांद्यावरून ओघळलेले स्वेटर. मला ते फार आवडायचं. भाजी आणायला स्कूटीवरून निघाले की तोंडाला बांधलेला स्कार्फ आणि गॉगल तसाच ठेवून मी कट्ट्यावर बसायची आणि पटापट काढायची. मुलं एका जागी थांबत नाहीत, म्हणून बहुतेक वेळा बाटल्याच काढायची. एकदा दोन वेण्यांची एक मुलगी जवळ येऊन वाकून म्हणाली, "आजी, माझी बाटली का काढताय?" मी म्हटलं, "तिला किती पोचे आलेत बघ." ती म्हणाली, "ते दादानं पाडलेत," आणि पळाली.

असं दोन-तीन महिने चाललं होतं.

त्या दिवशी सकाळी मी मटार सोलत होते. मोबाइल वाजला. माझी नणंद निफाडला असते, तिचा निरोप होता. वर फोटो, खाली मजकूर. आधी मजकूरच वाचला.

"सावधान! गंगापूर रोड परिसरात ही बाई शाळेबाहेर बसते. मुलांचे चेहरे वहीत उतरवून टोळीला देते. तिच्याजवळच्या डब्यात गुंगीची पावडर असते. आपल्या मुलांना जपा. प्रत्येक ग्रुपवर पाठवा." खाली नणंदेनं स्वतः लिहिलं होतं, "वहिनी, तुमच्याच भागातलं हाय. जपून राहा. दिवस लय वाईट आलेत."

मला आधी भीतीच वाटली. आमच्याच शाळेपाशी? म्हणजे मी बसते तिथे अशी कोणी बाई येऊन बसते आणि मला दिसली कशी नाही? मी फोटो मोठा केला. कडुनिंब, कट्टा, कट्ट्यावर बाजूला कलून बसलेली एक बाई. केशरी ठिपक्यांचा स्कार्फ, गॉगल. मांडीवर वही. शेजारी स्टीलचा डबा, झाकण उघडं.

मटारची शेंग हातात तशीच राहिली.  मी उठले, ओट्याला धरून उभी राहिले, पुन्हा बसले. फोटोतल्या बाईचा हात वहीवर होता आणि तो हात मी पुन्हा पुन्हा बघत होते, जणू तो माझा नाही असं काहीतरी त्यात सापडेल.

हे हॉलमध्ये पेपर वाचत होते. मी जाऊन मोबाइल त्यांच्यापुढे धरला. 

"हां, ते होय," हे म्हणाले. "परवाच आलं मला. मी पाठवलंसुद्धा सगळ्यांना. शाळेच्या जुन्या ग्रुपवर, ज्येष्ठ नागरिकांच्या, सोसायटीच्या."

"तुम्ही पाठवलंत?"

"मग? जनहिताचं आहे."

"फोटो बघितलात?"

"बघितला की. पक्की दिसते बाई."

"नीट बघा."

त्यांनी चष्मा वर केला, मोबाइल लांब धरला, जवळ धरला. "चाळिशीची असेल," ते म्हणाले. "का? तुला माहितीये कोण आहे?"

"मी आहे."

ते हसले. मग माझ्या तोंडाकडे बघून थांबले. पुन्हा फोटो बघितला. त्यांचा चेहरा असा उतरत गेला की मला त्या अवस्थेतही वाटलं, ह्यांना पाणी द्यावं.

"अगं, पण तोंड झाकलंय ना," ते म्हणाले. "कसं कळणार?"

"हात झाकलेले नाहीत," मी म्हटलं. "स्कार्फ तुम्हीच आणलात. डबा तुमच्या डोळ्यांसमोर रोज भरते."

ते मोबाइल टेबलावर ठेवून उठले. मीही स्वयंपाकघरात निघून आले. टोळी, पावडर, ते सगळं एकीकडे. पण या माणसानं माझा फोटो उघडला, बघितला, मजकूर वाचला आणि 'पक्की दिसते बाई' म्हणून गावभर वाटला. इतकी वर्षं एका ताटात नाही, पण एका घरात जेवलो आम्ही.

दुपारी हे आत पडले होते. रागारागात मी वही काढली. म्हटलं, मला तर ह्यांचा चेहरा अंधारातही काढता येईल. डोकं काढलं, मागे सरकलेले केस काढले, चष्मा काढला. मग तीळ. ह्यांच्या गालावर एक तीळ आहे. पेन कागदावर टेकवलं आणि थांबले. डावीकडे की उजवीकडे? भुवया मध्ये जुळतात की नाही? कानाची पाळी सुटी आहे की चिकटलेली? मला काहीच सांगता येईना. मी उठून दाराशी गेले आणि झोपलेल्या नवऱ्याकडे चोरासारखी बघत राहिले. तीळ हनुवटीवर होता. गालावर नव्हताच.

राग तिथेच गळाला. उरलं ते नुसतं सुन्नपण.

संध्याकाळी चहा झाल्यावर हे म्हणाले, "पोलिसांत जाऊ."

"आधी शाळेपाशी जाऊ," मी म्हटलं. "तिथल्या आया मला रोज बघतात. तोंड उघडं ठेवून समोर उभी राहिले, सांगितलं, की संपलं."

आता आठवलं की वाटतं, किती सरळ वाटलं होतं मला ते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. स्कार्फ बांधला नव्हता. वही आणि डबा मुद्दाम बरोबर घेतला, दाखवायला. शाळा सुटायला वेळ होता. कट्ट्यापाशी पाच-सहा बायका होत्या. मी त्यांच्याकडे बघून हसले आणि पिशवीतून डबा काढला. तेवढ्यात एक बाई ओरडली, "हाच डबा! हीच ती!"

पुढे काय क्रमानं झालं ते मला अजून नीट जुळवता येत नाही. बायका भोवती आल्या. रिक्षावाले आले. समोरच्या रसवंतीवरची माणसं ग्लास हातात घेऊन आली. कोणीतरी माझा दंड धरला, इतका घट्ट की पुढे आठवडाभर निळा डाग होता. वही हातातून गेली. चार-पाच मोबाइल माझ्या तोंडासमोर आले. "नाव सांग", "कुठली आहे", "अजून किती जणी आहेत तुमच्यात", सगळे एकदम बोलत होते, आणि सगळे मला अगं-तुगं करत होते. त्या गर्दीत वेडीवाकडी दिसणारी माणसं नव्हती. माझ्यासारखीच होती. ज्या बाईनं दंड धरला होता तिच्या हातात भाजीची पिशवी होती आणि त्यातून कोथिंबीर डोकावत होती. ते मला स्पष्ट आठवतं.

हे पुढे झाले. वर्गातला आवाज लावून म्हणाले, "एकेकानं बोला! ही माझी बायको आहे."

"कशावरून?" एक जण म्हणाला.

 कशावरून? आमच्याकडे काहीच नव्हतं. आधार कार्डं घरी कपाटात. ह्यांनी खिसे चाचपले. मोबाइल काढला, त्यात माझा फोटो शोधायला लागले. देवाचे फोटो, सुप्रभात, नातवाचे फोटो, द्राक्षबागेची सहल, तिथेही मी कुणाच्या तरी मागे अर्धी.  "आहे, आहे," असं ते स्वतःशीच म्हणत होते. मी त्या माणसाला कधी इतकं एकटं बघितलं नव्हतं.

"ही बघा पावडर!" मागून आवाज आला. कोणीतरी डब्याचं झाकण उघडलं होतं.

मला काय सुचलं देव जाणे. मी मोकळ्या हाताचं बोट हळदीत बुडवलं आणि चाटलं. मग कॉफीत बुडवलं, तेही चाटलं. "हळद आहे," मी म्हटलं. "ही कॉफी. हे काजळ. हे नाही खाता येणार." माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता. तोंड पिवळं झालं असणार, कारण एक बाई फिस्सकन हसली आणि मग तिनं पदर तोंडावर घेतला.

तेवढ्यात वही चाळणारा एक रिक्षावाला म्हणाला, "अरे, ही तर माझी गाडी." त्यानं पान सगळ्यांना दाखवलं. मागची फाटकी ताडपत्री, तिला बांधलेली निळी सुतळी, सगळं होतं. "माझीच आहे," तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते हसू होतं की आश्चर्य, कळेना.

वही मग बायकांच्या हातात गेली. त्या पानं उलटत होत्या. बाटल्या, बूट, दप्तरं, पाठमोऱ्या वेण्या, स्वेटरच्या बाह्या. दंड धरलेल्या बाईनं सगळी वही बघितली आणि विचारलं, "यात चेहरे कुठायत?"

"मला चेहरे जमत नाहीत," मी म्हटलं.

तिनं माझा दंड सोडला आणि वही परत दिली. सॉरी वगैरे कोणी म्हणालं नाही. घंटा झाली, मुलं सुटली, आणि जो तो आपल्या मुलाकडे धावला. मोबाइल खिशात गेले. रसवंतीचा चरक पुन्हा सुरू झाला. दोन मिनिटांत तिथे काही घडलंच नव्हतं, फक्त आम्ही दोघं कट्ट्यावर बसलो होतो.

एक तरुण आई मात्र गेली नव्हती. मुलीचा हात धरून लांब उभी होती. दोन वेण्यांची तीच मुलगी. मुलगी मला बघून म्हणाली, "याच आजी," आणि आईनं तिचा हात ओढला. मग ती स्वतः जवळ आली. डोळे भरले होते.

"फोटो मी काढला होता," ती म्हणाली. "पण मी हे असलं काही लिहिलं नव्हतं. शप्पथ." तिनं मोबाइल उघडून दाखवला. वर्गातल्या पालकांच्या ग्रुपवर तिनं एवढंच टाकलं होतं, "या कोण आहेत? कुणाच्या ओळखीच्या आहेत का? माझ्या मुलीचं काहीतरी वहीत काढलं म्हणे." बस. टोळी पुढे कुणीतरी जोडली. पावडर आणखी पुढे कुणीतरी.

"विचारायचं होतं तर मला विचारायचं," मी म्हटलं. "मी इथेच बसले होते, दहा पावलांवर."

"भीती वाटली."

"कुणाची?"

"तुमची," ती म्हणाली.

मला तिच्यावर ओरडायचं होतं. तयारीही झाली होती. पण तो शब्द ऐकून ओरडणं राहूनच गेलं. माझी? माझ्या उभ्या आयुष्यात मला कोणी घाबरलेलं नाही. ऑफिसातला शिपाई घाबरला नाही, मुलगा घाबरला नाही, ओट्यावरचं झुरळसुद्धा आधी मलाच पळवतं. आणि ही धडधाकट, स्वतःची गाडी चालवणारी मुलगी मला घाबरून दहा पावलं चालू शकली नव्हती.

"तोंड बांधलेलं होतं," ती हळूच म्हणाली. "आणि तुम्ही फार टक लावून बघत होतात."

 टक लावल्याशिवाय बाटलीचा पोचासुद्धा दिसत नाही, पण हे तिला कसं सांगणार?

तिनं त्याच दिवशी खुलासा टाकला. ह्यांनीही आपल्या सगळ्या ग्रुपवर टाकला, अगदी परिच्छेद पाडून, शुद्धलेखन तपासून. 'सदर महिला माझी पत्नी असून' अशी सुरुवात होती. दोघांनी अंगठा दाखवला. एकानं हात जोडले. आणि ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपवर एका गृहस्थांनी त्याच्याच खाली जुना मजकूर पुन्हा टाकला, 'सर्वांनी नोंद घ्यावी' म्हणून. निफाडला मी स्वतः फोन केला.  नणंद म्हणाली, "वहिनी, ती तुम्ही? अगं बाई! मी तर सप्त्यात सगळ्या बायांना दाखवलं. लय शिव्या दिल्या त्यांनी." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मी बी दिल्या."

पुढचे काही दिवस मी वही उघडली नाही. भाजीला गेले तरी मान खाली. रस्त्यात कुणाचं मूल समोर आलं की मीच बाजूला व्हायची. हे मात्र बदलले. जेवताना मान वर करून माझ्याकडे बघायला लागले. एकदा पोळी वाढताना म्हणाले, "हा तुझ्या मनगटावरचा डाग कसला?"

"विळीचा. लग्नाच्या आधीचा आहे."

"आधीचा?" ते म्हणाले, आणि घास हातात धरून बसले.

एका सकाळी ते खुर्ची उजेडात ओढून समोर बसले. "काढ," म्हणाले. "चेहरे जमत नाहीत म्हणालीस ना? मी हलणार नाही." हलले ते दर मिनिटाला. नाक खाजवलं, दोनदा मोबाइल बघितला. कॉफीनं काढलेला तो चेहरा ह्यांच्यापेक्षा त्यांच्या थोरल्या भावासारखा जास्त आला. पण तीळ हनुवटीवर आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर मी पुन्हा शाळेपाशी गेले. स्कार्फ नाही, गॉगल नाही. आधी आयांपाशी गेले, वही उघडून दाखवली, विचारलं, बसू का. त्या तरुण आईनं कट्ट्यावरची आपली पिशवी उचलून जागा केली. दोघी-तिघी बोलल्या. एक जण मात्र अजून मला बघितलं की मुलाला घेऊन रस्त्याच्या पलीकडे जाते. तिला सगळं माहीत आहे, तरी जाते. मी काही म्हणत नाही.

परवा हरसूलहून मावसभावाचा निरोप आला. त्याचं तिथे बाजारपेठेत किराणा दुकान आहे. तोच फोटो, कडुनिंब, केशरी ठिपके, उघडा डबा. मजकूर मात्र नवा होता. आता ती पाच बायकांची टोळी झाली होती. त्या गावोगावच्या आठवडे बाजारात फिरतात, वहीत खुणा करतात आणि रात्री येतात. "ताई, नाशकात हायेत म्हणे या," त्यानं लिहिलं होतं. "एकटी बाहेर जाऊ नको."

मी लगेच फोन लावला. त्याला म्हटलं, "अरे, फोटोतली बाई मी आहे. तुझी ताई. मी चित्रं काढत बसले होते."

 दुकानात कुणीतरी साखर मागत होतं, त्याचा आवाज येत होता. भाऊ विचार करत होता. माझ्यावर त्याचा विश्वास बसला होता, ते त्याच्या श्वासावरून कळत होतं.

"बरं झालं सांगितलंस," तो शेवटी म्हणाला. "पण ताई, मंग त्या बाकीच्या चौघी कोण हायेत?"